एका अंशाचे सोळा किलो

फळ्याच्या डाव्या कोपऱ्याला नोव्हेंबरपासून फडकं लावायचं नाही,
असं मी झाडलोट करणाऱ्या ओरेस्टला बजावून ठेवलंय.
तिथे थंडी जमते आहे.
रोजची सरासरी शून्याखाली किती, ते मिळवत जायचं.
उणे बावीस असेल तर लिहायचे बावीस.
उणेचं चिन्ह बाहेर, बुटांपाशी काढून या.

उत्तर मॅनिटोबातलं आमचं कॉलेज म्हणजे
मासळीच्या जुन्या गोदामातल्या तीन खोल्या,
आणि गणिताने शाळेत दोनदा पाडलेली ही अकरा माणसं:
ट्रक चालवणारी डेल्फीन लिंकलेटर,
बाळ मांडीवर घेऊन बसणारी टॅन्सी,
आणि मागे, अंगातला कोट न काढता, सायरस बिअर्डी, वय एकसष्ट,
ज्याने पहिल्याच दिवशी विचारलं,
वर्गमूळ लागतं कुणाला?

मी गप्प बसले.
बावीस वर्षं मी पुस्तकातल्या हौदांना
दोन नळ लावत आले, एक भरणारा, एक गळका,
आणि एकानेही विचारलं नव्हतं
की प्लंबरला का बोलवत नाही.

जानेवारीत बेरीज सहाशे पंचवीसवर आली.
मूळ पंचवीस. त्याची दुप्पट.
(हे दोन कुठून आले? लोकांनी वर्षानुवर्षं मोजून आणले,
आकाशातून पडले नाहीत.)
पन्नास सेंटिमीटर बर्फ.
थंडी चौपट झाली तरी बर्फ दुप्पटच होतो,
कारण तो स्वतःच पाण्याची गोधडी,
जितका जाड, तितका पुढच्या थंडीला आडवा.
सायरसने मान हलवली.
हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं,
फक्त याला मूळ म्हणतात, हे नव्हतं.

आता भार. जाडीचा वर्ग, गुणिले चार,
तेवढे किलो.
डेल्फीनची पेन्सिल थांबली.
थांबा, म्हणाली, आधी मूळ काढायचं
आणि लगेच त्याचा वर्ग करायचा?
म्हणजे निघालो तिथेच परत आलो की.
उरले काय, दोनाचा वर्ग चार, चार चोक सोळा.
तिने कोपऱ्यातल्या बेरजेला थेट सोळाने गुणलं. दहा हजार.
एका दिवसाचा एक अंश
सोळा किलो पेलतो, म्हणाली.

मला ते कधी दिसलं नव्हतं.
मी खडू शोधायचं निमित्त केलं.
टॅन्सीने मांडीवरचं वजन मनात केलं: आठ किलो.
याला अर्धा अंश पुरे.

दुसऱ्या दिवशी वर्ग तळ्यावर भरला.
गिरमिट सायरसचं, मोजपट्टी कॉलेजची.
कडेपासून चाळीस पावलांवर पहिलं भोक,
पाणी वर आलं, पट्टी खाली गेली,
आणि डेल्फीनने दोनदा वाचली.
चौतीस.

कुणीतरी हसलं. मी नाही.
चौतिसाचा वर्ग, गुणिले चार, साडेचार हजारांच्या जरा वर,
आणि तिचा ट्रक रिकामाच सात हजारांचा.
सायरसने बुटाने वरचं भुसभुशीत हिम उडवलं, गुडघाभर.
तुमच्या बेरजेला हे पडलेलं माहीत नाही, म्हणाला.
गोधडीवर गोधडी.
मग क्री भाषेत एक शब्द बोलला, टॅन्सी हसली,
मला त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही.

डेल्फीन तोवर खाली बसून हिमावर बोटाने भागाकार करत होती.
चौतीस भागिले पंचवीस. दोन नव्हेतच इथे,
एक पूर्णांक छत्तीस शतांश.
त्याचा वर्ग, गुणिले चार,
सात, आणि वर थोडं.

सात? टॅन्सीने विचारलं.
मग याला आता अख्खा अंशही पुरत नाही.
तिने पाठीवरची झोळी घट्ट केली
आणि काठाच्या दिशेने दोन पावलं सरकली,
चौतीस सेंटिमीटर तिला कितीतरी जास्त होतं तरी.

तिला तसं सांगायला मी तोंड उघडलं,
पण सायरस गिरमिट खांद्यावर टाकून निघाला होता,
आणि पुढचं भोक कुठे पाडायचं
हे त्यालाच माहीत होतं.