झिरीचा रंधा

वेलजीभाई म्हणतात, दोन हजार तीनशे.
जांभळी नाक्याच्या मागे, मोडक्या पंख्यांखालून
त्यांनी तो काढला, जुन्या गंजिफ्रॉकनं पुसला.
शिसवी अंग. पाचर नंतरची, आंब्याची.
टाचेवर ठोकलेली अक्षरं : ग. बा. मे.
तीनदा ठोकलेली.
म्हणजे दोनदा तरी चोरीला गेला असणार.

एकच काम येतं याला :
फळीच्या कडेशी समांतर, पाव इंची झिरी.
बाकी काही नाही.
पटाशीला दहा कामं येतात, त्यातली चार वाईट.
राउटर हेच दोन मिनिटांत करतो,
पण चरईत आमच्या खाली
रात्रपाळीची नर्स झोपलेली असते.

हिशेब मांडला. गेल्या वर्षी झिऱ्या किती?
शिरसेकरांच्या टेबलाचे तीन खण.
चेंदणीच्या नाखव्यांची फ्रेम, ती त्यांनी नको म्हटली.
एक देव्हारा, त्यालाही मागून प्लायच ठोकला.
म्हणजे एका झिरीला पडले...
भागाकार तिथेच सोडला.

प्रभा म्हणाली, काय काय करतो तो?
म्हटलं, एकच काम.
आणि तू?

रविवारी पुन्हा गेलो, नुसता बघायला.
वेलजीभाईंनी सागाचा तुकडा पुढे सरकवला.
पहिला हात अडखळला. दुसऱ्याला गाठ लागली.
पाचर सैल केली, पातं केसभर वर घेतलं,
आणि मग एक सालपट सुटलं, अखंड,
करंगळीवर गुंडाळता येईल असं.

दोन हजार, म्हणालो.
ते पंखा पुसत राहिले.

सालपट खिशात घालून निघालो
तलावपाळीकडे, सावकाश,
मागून हाक ऐकू येईल
इतकं सावकाश.