खाल्ल्या मिठाला

ग्रिम्स्बीत नोव्हेंबर. चारलाच अंधार.
थायरॉइडची गोळी सुरू होऊन तीन आठवडे,
आणि मी जिन्यात मध्येच बसते,
कोट न काढता.

वेळ लागतो, म्हणाले डॉक्टर.
माझ्या सावळ्या हातावर त्यांना दिसल्याच नाहीत
शाईत बुडवल्यासारख्या रेषा.
दिसलं ते चिप्सच्या दुकानातल्या मॉरीनला:
"अगं, किती मीठ घेशील?"
तिच्या बहिणीचंही असंच झालेलं.

मग सलाइन. नवं नाव, ॲडिसन.
गोळीने उरलंसुरलंही जाळलं होतं.
माझेच पहारेकरी!
आधी गळ्यातली चौकी लुटली,
मग मूत्रपिंडांवरच्या दोन इवल्या टोप्या.
खाल्ल्या मिठाला
जागले नाहीत मेले.

पर्समध्ये आता इंजेक्शन असतं.
मॉरीन काही विचारत नाही,
मिठाची डबी
सरकवते.