उरलेले अकरा किलोबाइट

मारिबोरमध्ये, द्रावा नदीपासून दोन गल्ल्या आत,
बूट दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत
आम्ही चौघं आणि एक यंत्र.
यंत्र नवं, चेहरा जुना :
तपकिरी बटणं, कडेला केशरी पट्टी,
चालू केलं की निळ्या पडद्यावर
एक पांढरा चौकोन, डोळे मिचकावत बसलेला.

असे तीनशे बनवायचेत.
पैसे आधीच आलेत, ग्रात्सहून, ओसियेकहून,
एक मनीऑर्डर तर नॉर्वेतल्या कुठल्याशा बेटावरून.
खोकी घडी करून भिंतीशी उभी.
आता प्रश्न एवढाच :
लेकरू घराबाहेर पडताना
शिदोरीत काय बांधून द्यायचं?

चिप केवढीशी! भाषा आधी बसवली,
तिच्याशिवाय यंत्र मुकं.
मग लिहिण्यासाठी पाटी, चित्रांसाठी वही,
सूर जुळवायची एक छोटी पेटी, तीही जरा बेसूरच.
उरले अकरा किलोबाइट.
आणि अकरा किलोबाइटवरून
माणसं भाऊबंदकीला येतात, हे मी पाहिलं.

गोराज्द म्हणाला, बुद्धिबळ. दुसरं काही नाही.
तिलेनला हवा होता तो उड्या मारणारा बेडूक,
ज्याच्यापायी त्याची नववी वाया गेली.
पण बेडूक कुणाचा?
काढणारी कंपनी बुडाली,
तिला गिळणारी दुसऱ्या कुणी गिळली,
चार पत्रांनंतर एका वकिलाचं उत्तर :
तपासून कळवतो.
तेव्हा चेरी फुलल्या होत्या. आता काचेवर बर्फ.

येर्नेया तोवर गप्प होती.
मग पर्समधून तिनं कॅसेट काढली.
एका बाजूला लग्नातलं अकॉर्डियन,
दुसऱ्या बाजूला तिच्या वडिलांचा, बोगोमिरचा,
मधमाश्यांच्या पेट्यांचा हिशेब :
सहा हिवाळे खपून लिहिलेला प्रोग्राम.
टेपच्या हेडचा स्क्रू मी तीनदा फिरवला
तेव्हा कुठे तो किंचाळत, खरडत आत आला.
नऊ किलोबाइट. बुद्धिबळ दहा. दोन्ही मावणार नाहीत.

‘‘माश्या पाळतो कोण आता?’’ गोराज्द.
‘‘आणि हक्क?’’ हे मीच विचारलं,
विचारल्यावर लाज वाटली.
‘‘त्याची वारस मी,’’ म्हणत तिनं
टाचा बदलल्याच्या बिलामागे सही केली.

दुकानात ब्रीना बसली होती, वय अकरा,
बुटाचा तळ चिकटेपर्यंत नुसत्या मोज्यांवर.
तिला बोलावलं, खुर्चीत उशी घातली.
बुद्धिबळात तिचा वजीर लवकरच गेला,
ती म्हणाली, हं.
बेडूक दोनदा बुडाला,
ती म्हणाली, बरा आहे.

मग पेट्या.
त्या काळच्या यंत्रात आमच्या अक्षरांवरची छपरं नव्हती,
तसेच बोडके शब्द एकेक करत उगवले :
किती पेट्या?
तिनं लिहिलं, सात.
(राहते चौथ्या मजल्यावर. घरात एक मासासुद्धा नाही.)
कुरणात की रानाच्या कडेला?
रानाच्या कडेला.
या हिवाळ्यात किती गेल्या?
तिनं शून्य दाबलं.

यंत्र थांबलं.
आम्हाला वाटलं, अडकलं. मी वायरकडे हात नेला.
तेवढ्यात एक ओळ आली :
पुन्हा मोज.

येर्नेयानं टेबलावरची पॉलिशची डबी उघडली, लावली,
परत उघडली.
‘‘आम्हालाही असंच म्हणायचा,’’ इतकंच बोलली.

गोराज्दनं यादीतलं बुद्धिबळ स्वतःच खोडलं,
कागद फाटेल इतक्या जोरात,
आणि कॉफी आणायला गेला तो बराच वेळ आलाच नाही.

ब्रीनानं शून्य पुसून एक लिहिलं.
कुठली? यंत्रानं विचारलं.
बाहेरून हाक आली, बूट झाले म्हणून.
ती उठली नाही.
हनुवटी मुठीवर टेकवून
तिच्या सात पेट्यांपैकी नेमकी कुठली,
ते आठवत बसली.