तपासलं नाही

फेब्रुवारीत कुताइसीचं तळघर
बारा अंशांच्या वर चढत नाही.
बुडालेल्या विमा कंपनीचे सात डेस्कटॉप
नुगझारनं घाऊक भावात उचललेत.
एकाच्या कुशीवर अजून चिठ्ठी: तिसरा मजला, दावे.

माझं काम सोपं.
कुणावरच विश्वास न ठेवणारी सिस्टिम
एकेका यंत्रावर चढवायची
आणि बघायचं, हा संशयी पाहुणा कुणाला झेपतो.

पडदा लागतो.
आवाज येतो, पुढच्या भोकातून मात्र नाही.
झोपतं. उठत नाही.
"मीही तसाच," नुगझार म्हणतो, "लिही."
लिहिते.

ही सिस्टिम घर बांधते तेच खोल्या पाडून.
इंटरनेट एका खोलीत, बाहेरून कडी.
पेनड्राइव्ह दुसरीत; आजारी असला तर तिथंच खोकू दे.
पत्रं तिसरीत, पैसे चौथीत,
आणि मधोमध एक बिनखिडकीची खोली,
जिथं बाहेरचं वारंही येत नाही,
पण सगळ्या घराच्या किल्ल्या तिच्याच कनवटीला.

भिंती उभ्या राहायच्या तर
प्रोसेसरच्या अंगात ते असावं लागतं.
तीन नंबरच्या यंत्रात आहे म्हणे.
फर्मवेअरच्या निळ्या पानांत, चौथ्या पोटपानात,
कुणीतरी बंद करून ठेवलेलं.
चालू केलं. यंत्र पुन्हा सुरू केलं.
पंखा बोंबलला, आणि दोन ओळींचा निरोप आला:
भिंती नाहीत.
नुगझारनं चष्मा पुसला. "कागदावर भिंत, आत पडदा.
ओळखतो मी असली घरं."

तो वाढला तिथं पाच कुटुंबांत एक स्वयंपाकघर.
पाच दिवे, पाच बटणं,
ज्याचा दिवा त्यानंच लावायचा,
दुसऱ्याच्या उजेडात कांदा चिरला तरी भांडण.
भिंतीला कान असतात, ही म्हण आहे
हे त्याला फार उशिरा कळलं.
पलीकडचा बोन्दो काचेचा पेला भिंतीला लावून बसायचा,
आणि ईस्टरला त्याच पेल्यातून वाईन पाजायचा.
चांगली असायची वाईन, हेही तो सांगतो.
वडिलांना दोनदा बोलावणं आलं.
दुसऱ्यांदा परतले, ते रेडिओ मोठा केल्याशिवाय
बायकोशीही बोलेनासे झाले.

पाच नंबरवर भिंती उभ्या राहिल्या.
पण माझा यूएसबी कीबोर्ड दारातच अडवला गेला:
कोण जाणे, कीबोर्डच्या वेषात कोण आलंय.
मागच्या बाजूला एक गोल, जांभळं भोक,
पंधरा वर्षं धूळ खाणारं.
नुगझार मुकाट्यानं जिना चढला
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला कीबोर्ड घेऊन आला.
पिवळा पडलेला, विटेइतका जड,
कळांवर नखरंगानं काढलेली जॉर्जियन अक्षरं.
काही अक्षरं वाकडी. लाल रंग संपला असावा,
शेवटची चार गुलाबी.
"त्सिसानानं काढली," एवढंच बोलला.
तिला जाऊन नऊ वर्षं झाली.

खट्.
एवढी संशयी सिस्टिम,
तिनं एक शब्द न विचारता त्याला आत घेतलं.

शुक्रवारी वकीलबाई आल्या, लाली ग्वेनेताद्झे,
ओली छत्री, ओले बूट.
त्यांच्या अशिलांची नावं त्या स्वतःच्या वहीतही लिहीत नाहीत.
"यातलं कुठलं ऐकत नाही?" त्यांनी विचारलं.

मी तक्ता पुढे केला.
तीन रकाने: चालतं. चालत नाही. तपासलं नाही.
पाच नंबरवर हात ठेवून मी म्हणाले, हे त्यातल्या त्यात.
त्यांचं बोट मात्र तिसऱ्या रकान्यावरून
खाली, खाली, कागदाच्या टोकापर्यंत गेलं.
"हाच एवढा लांब का?"

मी नुगझारकडे पाहिलं.
तो उठला,
फळीवरचा रेडिओ लावला, आवाज वाढवला,
खुर्ची त्यांच्याजवळ ओढली
आणि बोलायला लागला.