फर्वानिया, रात्री अडीच

फ्रिजचं दार उघडताना मी आतलं बटण बोटाने दाबून धरते,
दिवा लागू नये म्हणून.
अंधारात हाताला सगळं कळतं:
हे लबनचं खोकं, हा कालचा खुबूस,
हा अनीसचा डबा, झाकणाला चीर गेलेला.
उभ्यानेच खाते.
ताट घेतलं तर ते जेवण होईल,
आणि जेवण मी साडेसातलाच नको म्हटलेलं असतं,
हसून, सगळ्यांसमोर.

आम्ही जुळी. बारा मिनिटांनी तो थोरला.
हर्णैच्या घरात पहाट हाच एक फर्ज होता;
अम्मी पांघरूण ओढायची आणि म्हणायची,
घुबडं जन्माला घातली मी, एक नाही, दोन.
दहावीच्या वर्षी रात्री एकला आम्ही दोघं
गार कालवणात तांदळाची भाकरी बुडवायचो.
सकाळी टोप रिकामा दिसला की
अम्मी त्याला म्हणायची, वाढतं अंग आहे.
मला म्हणायची, अंग वाढतंय.
शब्द तेच. जागा तेवढ्या बदललेल्या.

इथे त्याला रात्रीचे पैसे मिळतात,
विमानतळाच्या कार्गोत, दहा ते सहा.
मला सातला दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायचं असतं.
दुपारपर्यंत मी साध्वी असते.
चारला बोटं थरथरतात, पेन पडतं.
रात्री अकराला माझी सकाळ होते,
दिवसभराची थकबाकी घेऊन.

फक्त रमजानात हे शहर माझ्या घड्याळावर येतं.
रात्री दोनला सालमियाच्या समुद्राकाठी
लहान पोरं झोक्यावर, बाया कणसं सोलत बसलेल्या.
महिनाभर मी चारचौघींसारखी.
पण खरं सांगायचं तर
तेव्हाही सेहरीला मी पोट भरलंय म्हणते,
आणि माझ्या उपाशी राहण्याला
वर्षातून एकदा चांगलं नाव मिळतं.
रोज्याची नियत वेगळी, माझी वेगळी.
हे अल्लाला ठाऊक आहे. मलाही.

डॉक्टर बुशराने फॉर्म दिला.
तुम्ही पहाटेच्या की रात्रीच्या?
रात्री उठून खाता? लपून खाता?
खाली एक चौकट: स्त्री, पुरुष.
मी खूण केली तसा तिचा आवाज मऊ झाला.
रात्री जागणाऱ्यांत हे जास्त दिसतं, म्हणाली,
त्यातही बायकांत.
मग थोडं थांबून: निदान बायकांना आम्ही विचारतो तरी.

ते वाक्य मी पर्समध्ये घालून आणलं
आणि विसरले.

परवा बटणावर बोट ठेवून दार उघडलं
तर स्वयंपाकघरात कुणीतरी आधीच श्वास घेत होतं.
अनीस. सुट्टीची रात्र.
फरशीवर बसलेला, मांडीत पातेलं,
हात मनगटापर्यंत भातात.
भूक नाही गं, म्हणाला. थांबताच येत नाही.

हाच माणूस दिवसा नुसती पावडर घोळून पितो.
पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडतो.
कार्गोतली पोरं दंड चाचपतात, म्हणतात, भाई, काय बॉडी!
त्याला कोणी कधी विचारलं नाही.
मी तर त्याच्याच डब्यातून चोरत होते,
आणि डबा रोज भरलेला का, हे मलाही दिसलं नाही.

मी बोट काढलं.
दिवा लागला.
दोघांचेही डोळे मिचमिचले.

बंद कर ना, म्हणाला.
मी दोन ताटं काढली, त्याच्यासमोर ठेवली.
वाढलं काहीच नाही.
खाली बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ,
जागा तेवढीच होती म्हणून.
दार उघडं राहिलं तसा फ्रिज
टूं टूं करायला लागला.
कोणीच उठलं नाही.