हातचा

रात्री साडेदहाला हिल्काने चाचणी लावली
तेव्हा कायानीत उणे सव्वीस होतं
आणि बाल्कनीचं दार काडेपेटीएवढं उघडं.
फटीतून दोन नळ्या बाहेर गेलेल्या,
रेडिएटर कठड्याशी,
जिथे एरवी ती गालिचे झटकते.
नळ्यांत अँटिफ्रीझ,
नुसतं पाणी या गावात मार्चपर्यंत दगड असतं.

मशीन भाच्याचं. आतोस, वय एकोणीस,
कोचावर लोकरी टोपीसकट झोपलाय.
कंपनीने ठरवलेला वेग चार-सहा,
याने पाच-चारवर नेला, व्होल्टेज चढवलं,
आणि म्हणाला, मावशी, तू जागीच असतेस ना, बघशील?

जागी ती असतेच.
एकतीस वर्षं कागदगिरणीत रात्रपाळी.
गिरणी बंद पडली,
पाळी सुटली नाही.

त्याने प्रोसेसरवर पेस्ट थापली होती
पावावर लोणी थापावं तशी.
तिने काही न बोलता सगळी पुसली,
मधोमध एकच थेंब ठेवला
गुरुवारच्या सुपातल्या वाटाण्याएवढा,
आणि कूलरचे चारही स्क्रू तिरके तिरके, थोडे थोडे आवळले.

बारा वाजता सत्त्याऐंशी अंश.
एकला एक्क्याण्णव.
मग तिथेच.
उतू जाणाऱ्या दुधावर ठेवावी तशी नजर ठेवून
ती मोजे विणत बसली.
मधूनच स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवायची
आणि मूठ कानाला.
बेअरिंगचं दुखणं आधी हाडाला कळतं,
मीटरला मागाहून.

सोळाही कोअर एकाच कामाला जुंपलेले,
राक्षसी संख्यांचे गुणाकार,
ज्यांची उत्तरं आधीच ठाऊक आहेत.
कुणालाच नको असलेली गणितं,
नुसतं तापावं म्हणून.

(अकरा नंबरच्या सिलिंडरचं बेअरिंग कुरकुरत होतं
तेव्हाही तिने मूठ कानाला लावली होती.
फोरमन केट्टुनेन म्हणाला, शुक्रवारपर्यंत ओढू.
ते गुरुवारपर्यंत टिकलं.
त्या दुपारी कँटीनमध्ये सूप कुणी घेतलं नाही.)

पाच वाजून दहा मिनिटांनी
कोअर सहा थांबला.

जळालं काहीच नाही.
वास नाही, धूर नाही, निळा पडदा नाही,
पंखे त्याच सुरात,
बाकीचे पंधरा मान खाली घालून गुणाकार करताहेत.
फक्त एक ओळ:
फरक चार दशांशाच्या आत हवा होता,
पाच आला.

कुठेतरी, त्या कोट्यवधी आकड्यांच्या रांगेत,
हातचा एक
घ्यायचा राहून गेला.

तिने सुई थांबवली. टाके मोजले.
तिचेही चुकले होते, दोन.

आतोस उठला सातला, डोळे चोळत.
किती टिकलं?
सहा तास चाळीस मिनिटं.
मग झालं की! एवढा भार कोण कधी टाकणार आहे?
एकच कोअर, एकदाच चुकला.
हिल्का म्हणाली, चुकला ते राहू दे,
चुकताना तापमान बघ.
एक्क्याण्णव.
बरोबर उत्तर देतानाही एक्क्याण्णवच होतं.
चेहऱ्यावर काही दिसत नाही याच्या.

तिने खुर्ची ओढली, चष्मा नाकावर खाली घेतला,
व्होल्टेज दोन पायऱ्या उतरवलं,
वेग पाच-दोन.
तो कळवळला, जणू पगार कापला.
दोनशे वाया, मावशी!
वाया नाहीत. हातचे आहेत.

त्याला पटलं असं नाही.
तोंड फुगवून त्याने कप पुढे केला,
तिने कॉफी ओतली
काठाखाली बोटभर जागा सोडून,
तर म्हणतो, यातही?

बाहेर रेडिएटरच्या पात्यांवर
बर्फ कुठेच टिकलं नव्हतं.
तेवढ्याच चौकोनात कठडा ओला,
आणि एक चिमणी पंख फुगवून तिथेच बसलेली.

चाचणी पुन्हा शून्यापासून.
पहिलं मिनिट. एकोणसत्तर अंश.
सत्तर.
तिने दोन टाके उसवले.