जडसंग्रह

पहिल्या पानावर, अनुक्रमांक एक:
लेथ मशीन, सहा फुटी, वापरलेले, नग १.
किंमत रुपये अठराशे. हमाली बावीस.
हे अक्षर माझं नाही.
मिरजेच्या रेल्वे वर्कशॉपातनं निवृत्त होऊन आलेल्या
आबाजी देवकुळ्यांचं आहे,
ज्यांनी आटपाडीबाहेर माळावर
लोकर सोसायटीच्या रिकाम्या गोदामात
अकरा पोरं जमवून फिटर ट्रेड सुरू केला.
मंजुरी आली तिसऱ्या वर्षी.
तोवर पहिली पोरं पास झाली होती,
कशात, ते कुणाला सांगता येईना.

दमट हवेत अजून लोकरीचा वास येतो.
कानस धरणारे हात त्याआधी मेंढ्या कातरत होते.
आबाजी म्हणायचे, कातर येते ना, मग अर्धं आलं.

त्या लेथला खोड होती:
दांडा टोकाकडं केसभर जाड निघायचा.
दुरुस्तीला पैसे नव्हते, म्हणून पोरांना खोडच शिकवली,
टेलस्टॉक किती सरकवायचा ते हाताला कळेपर्यंत.
चाकणला गेलेला मुबारक आतार
कोऱ्या मशीनवरसुद्धा आधी टोक तपासतो म्हणे.

मग तपासणी यायची.
आदल्या रात्री विट्याहून दोन वेल्डिंग सेट उसने,
त्यांवर पांढऱ्या रंगात आमचे नंबर.
एकदा समितीतल्या साहेबांनी बोट लावलं.
बोट पांढरं झालं.
रुमालाला पुसून त्यांनी चहा मागितला.
हे कुठल्या रकान्यात येतं?

टेंभूचं पाणी आलं, डाळिंबं वाढली,
मोटारी जळू लागल्या, वायंडिंगला रांगा,
आणि नेमका तेव्हाच वायरमन ट्रेड बंद.
चौदा महिने पगार नाही म्हणून
पाटोळे सर स्टँडमागं मोटारी भरत बसले.
पोरं तिकडं शिकायची,
हजेरी इकडं लागायची.

यंदा फिटरला नऊ जण. त्यांत सुवर्णा यमगर.
आठवडाभर एकच लोखंडी तुकडा घासत होती.
गुण्या लावून दाराकडं धरायची,
फटीतनं उजेड दिसला की पुन्हा कानस.

काल पत्र आलं:
अनुक्रमांक एक निर्लेखित करावा, भंगार दराने.
पुढं अभिप्रायाचा रकाना.
मी लिहिलं, 'तूर्त',
आणि पुढचा शब्द सुचेना.
पलीकडं लेथ थांबला.
सुवर्णा खिडकीशी आली,
मायक्रोमीटर मागायला, हाताला तेल.
सही घेऊन दिला.